नव्याने आरंभ करणारी स्त्री आणि हलकीफुलकी मराठी कादंबरी : झाडीपट्टीच्या संदर्भासह एक विचार

प्रस्तावना

मराठी कादंबरीच्या अभ्यासात स्त्रीच्या दुःखाला मानाचे स्थान आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, कुमारी माता अशा नायिकांवर प्रबंध लिहिले गेले, चर्चासत्रे भरली आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात या नायिकांचा स्वतंत्र विचार होऊ लागला. हे योग्यच झाले. मात्र या अभ्यासात एक नायिका सहसा आढळत नाही. पहिला संसार मोडल्यावर, नवरा गेल्यावर किंवा नवऱ्याला सोडून आल्यावर जी पुन्हा घर मांडते, नोकरी धरते, कदाचित पुन्हा प्रेमात पडते आणि हे सारे करीत असताना स्वतः हसते व वाचकालाही हसवते, ती ही नायिका. इंग्रजीत या नायिकेभोवती कादंबऱ्यांचे एक संपन्न दालनच उभे राहिले आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलन फील्डिंग यांच्या 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' या कादंबरीनंतर त्याचा बोलबाला अधिक झाला. अशी पुस्तके आवडीने वाचणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रातही आहेत. महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षांतही आहेत. फक्त तेथे या वाचनाचा उल्लेख काहीसा संकोचाने होतो, आणि हा संकोच वाङ्मयीन दृष्ट्या तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. नव्याने आरंभ करणाऱ्या स्त्रीला मराठी कादंबरीने हसू का दिले नाही, हा पहिला. ते हसू मराठीत अन्यत्र कोठे सापडते काय, हा दुसरा. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतून या प्रश्नांकडे पाहिले असता पुण्या-मुंबईतून सहसा न दिसणारी एक बाजू दिसते, तिचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

कायद्याने दिले, कथेने दिले नाही

हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मराठी कादंबरीचा आरंभच विधवेच्या प्रश्नाने झाला, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. तिच्या शेवटी यमुनेचा पुनर्विवाह होतो, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. पहिल्याच मराठी कादंबरीतील नायिका नव्याने आरंभ करते. अर्थात त्यासाठी तिला धर्मांतर करावे लागते, आणि लेखकाचा हेतू उपदेशाचा असल्याने तिच्या दुसऱ्या संसाराच्या गोडीत त्याला फारसा रस नाही. पुनर्विवाह येथे सिद्धान्ताचा पुरावा म्हणून येतो.

भालचंद्र नेमाडे यांनी १८५७ ते १९५० या कालखंडातील मराठी कादंबरीची मांडणी तीन प्रवृत्तींत केली आहे. 'यमुनापर्यटन', लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांवरून त्यांनी या प्रवृत्तींना नावे दिली. समाजवास्तवाला भिडणारी, कल्पनारम्य रंजन करणारी आणि इतिहासाकडे वळणारी असे त्यांचे स्थूल स्वरूप सांगता येईल. या मांडणीचा आधार घेतला तर प्रस्तुत विषयाची अडचण नेमकी कोठे आहे ते कळते. नव्याने आरंभ करणारी स्त्री 'यमुनापर्यटन' प्रवृत्तीच्या वाट्याला आली आणि प्रेमाचे रंजन 'मुक्तामाला' प्रवृत्तीच्या. या दोन प्रवाहांची गाठ क्वचितच पडली. विधवा आली की गांभीर्य आले. प्रेमाची गंमत आली की नायिका अविवाहित, महाविद्यालयात शिकणारी, वडिलांच्या बंगल्यात राहणारी झाली. ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) यांसारख्या कादंबऱ्यांनी तंत्रशुद्ध प्रणयकथेचा जो साचा रूढ केला, त्यात लपंडाव, गैरसमज, लाडिक भांडण हे सारे आहे. पण आयुष्यात एकदा ठेच लागलेल्या स्त्रीला हा लपंडाव खेळण्याची मुभा त्या साच्यात सहसा मिळत नाही.

ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मराठीतील सर्वांत अश्रुपूर्ण कादंबरी 'करमणूक' नावाच्या पत्रातून यावी, हा योगायोग असला तरी बोलका आहे. वाचकाची करमणूक स्त्रीच्या अश्रूंनीही होत असते, हे त्या काळच्या संपादकालाही उमगले असावे. पुढे मामा वरेरकर यांच्या 'विधवाकुमारी'ने (१९२८) आणि विभावरी शिरूरकर यांच्या 'हिंदोळ्यावर'ने (१९३४) या विषयाला धीट वळण दिले. 'हिंदोळ्यावर'मधील अचला नवऱ्याने टाकलेली आहे आणि तिला विरागविषयी प्रेम वाटते. हे १९३४ मध्ये लिहिणे साहसाचे होते. त्याच दशकात विदर्भातील गीता साने यांनीही स्त्रीच्या स्वतंत्र जगण्याचा प्रश्न तडफेने मांडला. या लेखिकांचे मोठेपण वादातीत आहे. तथापि त्यांच्या नायिकांना समाजाशी सतत युक्तिवाद करावा लागतो. ज्याला प्रत्येक श्वासाचे समर्थन द्यावे लागते त्याला विनोद सुचणे कठीण असते.

आचार्य अत्रे यांचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. 'साष्टांग नमस्कार' (१९३३), 'भ्रमाचा भोपळा' (१९३५), 'लग्नाची बेडी' (१९३६) अशी हास्यस्फोटक नाटके लिहिणारा हा नाटककार. पण घर सोडणारी स्त्री रंगभूमीवर आणताच त्याने 'घराबाहेर' (१९३४) गंभीर समस्यानाटक म्हणून लिहिले, आणि 'उद्याचा संसार'मध्ये (१९३६) करुणेच्या वाट्याला आत्मघात आला. अत्र्यांना विनोद कमी पडला असे कोणी म्हणणार नाही. संसाराबाहेर पडलेली स्त्री आणि विनोद यांची सोबत तत्कालीन प्रेक्षकाला चालणार नाही, असा अंदाज त्यामागे असावा.

येथे विनोदाच्या रचनेविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. शोकात्मिकेत चूक एकदाच होते आणि ती दुरुस्त होत नाही. सुखात्मिकेत चुकीला दुसरी संधी असते. गैरसमज मिटतो, हरवलेले सापडते, उशिरा का होईना माणूस शहाणा होतो. म्हणजे 'नव्याने आरंभ' ही मुळातच सुखात्मिकेची वस्तू आहे. १८५६ च्या कायद्याने स्त्रीला दुसरी संधी दिली. कथेने मात्र तिला बहुतेक वेळा शोकात्मिकेच्याच नियमांत ठेवले. पुरुष पात्रांना ही संधी देताना मराठी विनोदाने अशी काटकसर केलेली नाही. बिजवराची फजिती हा तर मराठी विनोदाचा जुना, खात्रीचा विषय आहे. बिजवर हसवतो आणि विधवा रडवते, ही वाटणी वाङ्मयीन संकेत म्हणून आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती संकेत आहे हेच लक्षात येत नाही.

वाचनालयातील कादंबरी

स्वातंत्र्योत्तर काळात योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर अशा लेखिकांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून हातोहात जात. समीक्षेने त्यांना 'रंजनवादी' हा शिक्का मारून बाजूला ठेवले. फडके-खांडेकर वादात 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. पण दुपारची कामे आटोपून वाचनालयातून आणलेले पुस्तक उघडणारी गृहिणी त्या वादात कोणत्याच बाजूला नव्हती. ती कशासाठी वाचते, हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही.

अमेरिकेत तो प्रश्न जॅनिस रॅडवे यांनी विचारला. 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथात त्यांनी एका शहरातील प्रणयकादंबऱ्यांच्या नियमित वाचक असलेल्या स्त्रियांशी बोलून निष्कर्ष मांडले. या स्त्रियांच्या लेखी वाचनाची क्रिया म्हणजे घरच्या सर्वांसाठी राबत असताना स्वतःसाठी राखून ठेवलेला वेळ होता. त्यांना बुद्धिमान, बाणेदार, विनोदबुद्धी असलेली नायिका हवी होती आणि शेवट सुखाचा हवा होता. रॅडवे यांनी या आनंदाचा गौरव केला, तशीच त्याची मर्यादाही दाखविली. त्यांच्या मते अशा वाचनात असंतोष व्यक्तही होतो आणि शांतही केला जातो. मराठी लोकप्रिय कादंबरीच्या बाबतीत या मर्यादेविषयी बोलणारे पुष्कळ आहेत; गौरवाची बाजू अजून जवळजवळ कोरीच आहे. रंजन आणि पलायन हे समानार्थी शब्द नाहीत, एवढे जरी मान्य झाले तरी या लेखिकांचे पुनर्वाचन शक्य होईल. अर्थात या कादंबऱ्यांचा सरसकट कैवार घेण्याचेही कारण नाही. त्यांतील पुष्कळ नायिका शेवटी त्याग करून मोठ्या ठरतात आणि त्यांचा नवा आरंभ अखेरच्या काही पानांत गुंडाळला जातो.

आत्मचरित्रांतील हशा

जे कादंबरीत मिळाले नाही ते मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनात विपुल आहे. या लेखातील मुख्य प्रतिपादन हेच आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

१८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरील खटल्याचे निमित्त होते आणि विषय अत्यंत गंभीर होता. असे असूनही त्या लेखनातील उपहास, नकला, टोमणे, पुरुषांच्या पोकळ डौलाची उडवलेली रेवडी आजही वाचकाला खळाळून हसवते. हे आत्मचरित्र नव्हे. पण विदर्भातील एका स्त्रीने पुरुषी व्यवस्थेकडे पाहून मोठ्याने हसण्याचा हा पहिला मोठा छापील दाखला आहे.

त्यानंतरचे शिखर म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३७). या ग्रंथाची स्तुती 'प्रांजळ', 'सरळ', 'अकृत्रिम' अशा विशेषणांनी करण्याची प्रथा आहे. त्याची रचना मात्र एका वेगळ्या अंगानेही पाहता येते. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. तत्पूर्वी नागपूर आणि राजनांदगाव या भागांत त्यांचे वास्तव्य होऊन गेले होते. तेथील मुक्कामाच्या सुमारासच त्यांच्या मनाने हे वळण घेतले होते. नवऱ्याच्या धर्मांतराने लक्ष्मीबाई सधवा असून नवऱ्याविना झाल्या. विधवेला निदान समाजाने आखून दिलेली एक जागा होती, लक्ष्मीबाईंना तीही नव्हती. पंढरपूरला नातलगांकडे राहून, मुलाला वाढवीत त्यांनी ही वर्षे काढली. मग त्या टिळकांकडे गेल्या, पण स्वतःचे सोवळे सांभाळून. जातिभेद हा माणसाचाच खेळ आहे हे त्यांना स्वतःच्या विचारानेच पटले, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकन तत्त्वचिंतक स्टॅन्ली कॅव्हेल यांनी 'पर्सूट्स ऑफ हॅपिनेस' (१९८१) या ग्रंथात १९३४ ते १९४९ या काळातील हॉलिवूडच्या सात चित्रपटांचा अभ्यास करून 'पुनर्विवाहाची सुखात्मिका' हा प्रकार ओळखला. जुन्या सुखात्मिकेत तरुण जोडपे अडथळे ओलांडून एकत्र येते. या नव्या प्रकारात नायिका अननुभवी मुलगी नसते. ती संसार पाहिलेली, दुरावलेली स्त्री असते आणि प्रश्न असतो तो तीच दोघे पुन्हा एकत्र येतील काय हा. एकत्र येण्याची अट अशी की, दोघांनी एकमेकांशी नव्याने बोलायला शिकले पाहिजे. हे वाचल्यावर 'स्मृतिचित्रे' आठवल्याशिवाय राहत नाही. हातातले पैसे कोणालाही देऊन टाकणारा, विसराळू, उतावळा, क्षणात भडकणारा आणि क्षणात विरघळणारा कवी नवरा आणि त्याला पुरून उरणारी, त्याच्या प्रत्येक लहरीवर मल्लिनाथी करणारी बायको. अकराव्या-बाराव्या वर्षी वडीलधाऱ्यांनी लावून दिलेल्या लग्नातला हा नवरा तिशीच्या उंबरठ्यावर ती स्वतः पुन्हा निवडते. लग्न तेच असले तरी दुसऱ्या वेळी निर्णय तिचा आहे. मराठीतील सर्वांत हृद्य प्रेमकथा कोणती असे विचारले तर फडक्यांच्या टेनिस कोर्टापेक्षा टिळकांच्या या फाटक्या संसाराकडेच बोट दाखवावे लागेल. टिळक १९१९ मध्ये गेले. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी पुन्हा एकदा सारे नव्याने मांडले आणि तेही त्या स्वतःच्या फजितीवर हसत सांगतात.

आनंदीबाई उर्फ बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) तुलनेने उपेक्षित राहिले. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाल्या, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी झाल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. मुरूडने या दांपत्यावर बहिष्कार घातला, हा इतिहास सर्वपरिचित आहे. चरित्रग्रंथांत हा विवाह सामाजिक क्रांतीचे एक पान म्हणून येतो. बायांच्या सांगण्यात मात्र तो रोखठोक, घरगुती बोलीत येतो. स्वतःच्या कहाणीला 'पुराण' म्हणण्यातच त्यांचा मिश्किलपणा आहे. ज्यांनी क्रांती केली त्यांना ती करताना भाजी चिरायची होती, पैसे पुरवायचे होते, नवऱ्याच्या ध्येयवादाशी भांडायचे होते, हे त्या लपवीत नाहीत. महर्षींना बायकोच्या नजरेतून पाहताना वाचकाला हसू येते आणि त्याने महर्षी लहान होत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्याला याच परंपरेतील एक पुस्तक लाभले आहे, ते साधनाताई आमटे यांचे 'समिधा'. नागपूरच्या सनातनी घुले कुटुंबातील मुलगी आणि तिला मागणी घालणारा, दाढीजटा वाढवलेला, संन्याशासारखा दिसणारा वकील, ही सुरुवात कोणत्याही प्रणयविनोदी कादंबरीला शोभावी अशी आहे. लग्न १९४६ मध्ये झाले आणि काही वर्षांतच वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवनाचा संसार सुरू झाला. 'समिधा' हे नाव समर्पणाचे असले तरी आतील पुष्कळ पाने नवऱ्याच्या अचाट कल्पनांना तोंड देणाऱ्या बायकोच्या समजूतदार चेष्टेने उजळलेली आहेत. या पुस्तकाविषयी बोलताना सभांतून त्यागाचीच थोरवी गायिली जाते आणि चेष्टा मागे पडते.

स्वतःच्या जीवनाबद्दल लिहिताना मराठी स्त्रीला हसण्याची परवानगी होती. कल्पित नायिकेच्या बाबतीत ती का नव्हती? एक कारण संभवते. आत्मचरित्रकार जिवंत आहे, लिहीत आहे, म्हणजेच ती तगली आहे, हे वाचक पहिल्या पानापासून जाणतो. कादंबरीतील नायिका तगेल की नाही हे लेखकाच्या हातात असते, आणि लेखकाला समाजाची भीती असते.

गौरी देशपांडे : नातीचे उत्तर

बाया कर्वे यांची नात, इरावती व दिनकर कर्वे यांची कन्या गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांनी आत्मचरित्रातील हे हसू कादंबरीत आणले. 'एकेक पान गळावया' (१९८०) पासून 'उत्खनन' (२००२) पर्यंतच्या त्यांच्या लेखनात चाळिशी-पन्नाशीतल्या, एक-दोन संसार पाहिलेल्या स्त्रिया आहेत. त्या नवऱ्याला सोडतात, परततात, परदेशी पुरुषाच्या प्रेमात पडतात, मुलांना वाढवतात आणि या सर्वांबद्दल स्वतःचीच थट्टा करीत बोलतात. 'थांग'मधील कालिंदी ग्रीक बेटावरच्या उन्हात आपल्या लग्नाचा हिशेब मांडते तेव्हा तो हिशेब दुःखद असूनही तिच्या वाक्यांना रडका सूर लागत नाही. आजी 'पुराण' सांगत होती. नात त्याच घरगुती, तिरकस सुरात पण अधिक गुंतागुंतीचे काही सांगते. गौरी देशपांडे यांच्यावरील समीक्षेने स्त्रीवाद, मुक्तता, नैतिकता यांची पुष्कळ चर्चा केली. विनोदाची चर्चा मात्र 'शैली' या सदराखाली दोन ओळींत आटोपली जाते. वस्तुतः त्यांचा विनोद हा त्यांच्या विचाराचाच भाग आहे. नायिका हसू शकते म्हणूनच तिला आपली चूक चूक म्हणून पाहता येते; पाप म्हणून नव्हे.

मर्यादाही स्पष्ट आहे. या स्त्रियांपाशी शिक्षण, पैसा, पारपत्र आणि इंग्रजी आहे. चिमूर किंवा अहेरीच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीला कालिंदीचे ग्रीक बेट परीकथेइतकेच दूर असते. हा आक्षेप वर्गांतून नेहमी येतो आणि तो खोटा नाही. मेघना पेठे यांची 'नातिचरामि' (२००५) आणि कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) यांनी ही कोंडी वेगवेगळ्या बाजूंनी फोडण्याचा प्रयत्न केला. 'ब्र'मधील प्रफुल्ला मोडलेल्या संसारातून बाहेर पडून स्वयंसेवी संस्थेच्या कामात शिरते आणि आदिवासी भागातील सरपंच स्त्रियांना भेटत हिंडते. १९९३ पासून लागू झालेल्या पंचायतराजविषयक घटनादुरुस्तीने खुर्चीवर बसवलेल्या या स्त्रिया प्रफुल्लेपेक्षा कितीतरी जास्त सोसून आलेल्या आहेत, आणि तरी त्यांच्या बोलण्यात जो चटका व जी गंमत आहे ती प्रफुल्लेच्या स्वतःच्या निवेदनात कमी पडते. कादंबरी सुशिक्षित नायिकेच्या हाती असल्यामुळे हसू पुन्हा कडेच्या पात्रांकडे गेले आहे.

झाडीपट्टीचा संदर्भ

येथे चंद्रपूर-गडचिरोलीचा विचार प्रस्तुत ठरतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात गोंडांमध्ये विधवाविवाहाला मुभा असल्याची नोंद आहे. ब्राह्मणेतर शेतकरी व कारागीर जातींतही 'पाट' लावण्याची रीत महाराष्ट्रभर होती. म्हणजे १८५६ च्या कायद्याने ज्या प्रश्नाला हात घातला तो प्रश्न या भागातील मोठ्या समूहांच्या बाबतीत त्या रूपात उद्भवलाच नव्हता. मराठी कादंबरी ज्या वर्गातून आली त्या वर्गात पुनर्विवाह निषिद्ध होता, म्हणून नव्याने आरंभ करणारी स्त्री तिला भयंकर वाटली. वैनगंगेच्या काठी पाट लावून दुसऱ्या घरी गेलेली बाई ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. अर्थात पुनर्विवाहाची मुभा म्हणजे सुखाची हमी नव्हे. दिराशीच लग्न लावण्याचा आग्रह, मुलांचा ताबा, जमिनीचा वाटा यांचे ताण त्यातही होते. पण जेथे दुसरा आरंभ गृहीतच धरलेला आहे तेथे त्याची थट्टाही करता येते. सुखात्मिकेला लागणारी सामाजिक भूमी कादंबरीच्या जन्मस्थानी नव्हती, ती येथे होती.

या भूमीवर झाडीपट्टी रंगभूमी उभी आहे. धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील गावोगावी मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने नाटके होतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे नाट्यमंडळांचे केंद्र आहे. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो आणि बायाबापड्या लेकरांसह घोंगड्या-चादरी घेऊन बसलेल्या असतात. विनोदी भूमिकांसाठी ओळखले गेलेले गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष अधिक गेले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या झाडीबोलीविषयक कार्याने तिच्या भाषेला अभ्यासाची प्रतिष्ठा त्यापूर्वीच मिळवून दिली होती.

या नाटकांच्या शीर्षकांत कुंकू, सौभाग्य, माहेर, सवत हे शब्द वारंवार येतात, आणि त्यांतील मुख्य नायिका बहुधा सोशिकच असते. तिची भाषा प्रमाण मराठीकडे झुकलेली, प्रवेश करुण, स्वगते लांब. शहरी कादंबरीतील संकेत येथवर पोहोचलेला आहे, किंवा शहरी संगीत नाटकातून उतरला आहे, असे म्हणता येईल. परंतु याच नाटकात पाच-दहा मिनिटांनी विनोदी जोडी येते आणि झाडीबोलीत बोलू लागते. या जोडीतील बाई दारुड्या नवऱ्याला घराबाहेर काढते, दुसऱ्याशी सूत जुळवण्याची धमकी देते, पाहुण्याशी सौदा करते आणि नवऱ्याला नाक घासायला लावून परत घेते. नायिका जे तीन अंकांत करू शकत नाही ते ती एका प्रवेशात करते, आणि सर्वांत मोठा हशा येतो तो बायकांच्या बाजूने. एकाच रात्री, एकाच मंचावर यमुना आणि मुक्तामाला दोघी असतात. फक्त एकमेकींशी बोलत नाहीत. विनोदी प्रवेशांना 'गल्ल्यासाठी घातलेला मसाला' समजून अभ्यासक ते वगळतात आणि मुख्य कथानकाचे सामाजिक आशय काढीत बसतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने नेमके उलट करावयास हवे. कॅव्हेल ज्याला पुनर्विवाहाची सुखात्मिका म्हणतात तिची छोटी, ओबडधोबड, पण जिवंत रूपे या प्रवेशांत आहेत.

प्रेक्षकवर्ग नाही म्हणून मराठीत अशी कादंबरी नाही, हे म्हणणे आता टिकणारे नाही. हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' (२०२१) आणि केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' (२०२३) या चित्रपटांना मध्यमवयीन स्त्रियांनी गटागटाने, नटूनथटून गर्दी केली. दोहोंत संसाराच्या मध्यावर थबकलेल्या स्त्रिया काही नव्याने सुरू करतात, हसत-भांडत. या चित्रपटांची गुणवत्ता हा वेगळा विषय आहे. दोन्हींत अडचणी जरा लवकरच सुटतात. पण त्यांनी एक भूक दाखवून दिली. चित्रपटगृहात एकत्र बसून हसणाऱ्या स्त्रीला पुस्तक हाती घेऊन एकटीने हसावेसे वाटले तर तिला पुन्हा इंग्रजीकडे, नाहीतर अनुवादाकडे वळावे लागते.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि २०११ पासून या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. या महाविद्यालयांत मराठी घेणाऱ्यांत मुलींची संख्या लक्षणीय आहे. त्यांतील काहींच्या घरी पाट लागलेली आजी आहे, काहींची मोठी बहीण सासर सोडून परत आलेली आहे. ग्रंथालयात त्यांना 'स्मृतिचित्रे' ९२० क्रमांकाच्या चरित्रविभागात मिळते, गौरी देशपांडे ८९१.४६३ या कादंबरीच्या फडताळात, तर झाडीपट्टीविषयीचे एखादे पुस्तक ३९८ या लोकसाहित्याच्या क्रमांकाखाली, बहुधा शेवटच्या रांगेत. अभ्यासपत्रिकाही याच क्रमाने वेगळ्या आहेत. लक्ष्मीबाई, कालिंदी आणि नाटकातली ती तोंडाळ बाई यांवर एकत्र प्रश्न विचारता येईल अशी पत्रिका आखायची तर ती कोणत्या सत्रात बसवायची, इथपासून अभ्यासमंडळाला सुरुवात करावी लागेल.